पाणपक्ष्यांवर नजर, बर्ड फ्लूवर पहारा : पुणेकराला खर्च किती?

पाषाण तलावावर, कवडीपाटला किंवा भिगवणला पक्षी पाहायला जाणाऱ्या माणसाला बर्ड फ्लूच्या देखरेखीत हातभार लावायचा असेल, तर किती पैसे लागतात? थोडक्यात उत्तर असं : सुरुवात शून्य रुपयांत होते. चांगली दुर्बीण घेतली तर दहा-पंधरा हजारांत अनेक वर्षांची सोय होते. मेलेला पक्षी दिसल्यावर करायच्या फोनला तर काहीच पडत नाही. महाग पडतो तो उशीर, आणि त्याची किंमत कोंबडीपालकापासून प्राणिसंग्रहालयातल्या वाघापर्यंत सगळ्यांना मोजावी लागते.

पुढचे दर पुण्यातल्या दुकानांचे आणि ऑनलाइन बाजाराचे साधारण अंदाज आहेत. ब्रँड आणि सवलतींप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होतील, हे धरून चालावं.

पुण्याने हे का करावं?

इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूंचं मूळ घर म्हणजे रानटी बदकं, हंस, कुरव, सुरय आणि चिखलपायटे पक्षी. यातले बहुतेक विषाणू बदकाच्या आतड्यात मुक्काम करतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतात. बदक वरून ठणठणीत दिसतं. एच५एन१सारखा घातक प्रकार मात्र कोंबड्यांना झपाट्याने मारतो आणि आता रानपक्ष्यांचेही मोठे बळी घेतो. हिमाचल प्रदेशातल्या पाँग धरणावर २०२०-२१च्या हिवाळ्यात हजारो पक्षी मेले. त्यांत सर्वाधिक संख्या पट्टकादंब हंसांची होती. हेच हंस हिमालय ओलांडून उजनी धरणाच्या पाण्यावरही उतरतात.

महाराष्ट्राचा अनुभव तर थेट आहे. भारतातला एच५एन१चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि निदान एच५एन१चंच निघालं. जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडू लागले. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ विषाणूने दगावल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे प्रश्न फक्त कोंबडीचा उरलेला नाही.

या कामाची पुण्याला जुनी ओळख आहे. क्यासनूर जंगल ताप देणारा विषाणू १९५७मध्ये ओळखला तो इथल्याच विषाणू संशोधन केंद्राने. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. तो विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की काय, या शंकेतूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) यांनी १९५९पासून मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायला सुरुवात केली. पुढे २००६-०७च्या स्थलांतर हंगामात एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी पक्षी-अभ्यासकांना सोबत घेऊन महाराष्ट्र आणि मणिपूरमधल्या रानपक्ष्यांची व कोंबड्यांची तपासणी केली. २००७मध्ये मिळालेल्या एका रानटी पाणपक्ष्याच्या एच११एन१ विषाणूत युरेशियन आणि अमेरिकी वंशांच्या जनुकांची सरमिसळ असल्याचं त्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलं. विषाणू किती लांबून फिरून येतात, हे त्यावरून कळतं.

काम कुणाचं काय?

खर्चाआधी ही वाटणी नीट समजून घ्या, म्हणजे नको तिथे पैसे जाणार नाहीत.

नमुने घेणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे. ताज्या विष्ठेचे, घशातल्या स्रावाचे किंवा मृत पक्ष्याचे नमुने प्रशिक्षित पशुवैद्यक संरक्षक पोशाखात घेतात. हे नमुने औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जातात आणि तिथून पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब करणारी ही देशाची मुख्य प्रयोगशाळा.

नागरिकाची कामं तीन : पाहणं, मोजणं, कळवणं. पक्ष्याला हात लावणं त्यांत येत नाही. विष्ठा गोळा करणं, पिसं उचलणं, मेलेलं बदक पिशवीत घालून दवाखान्यात नेणं, यांतलं काहीही करू नका. त्यात संसर्गाचा धोका आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२चाही अडथळा आहे.

मग मोजून काय मिळतं? एखाद्या तळ्यावर जानेवारीत साधारण किती थापट्या, किती वारकरी, किती हळदी-कुंकू बदकं असतात, हे आधीपासून नोंदलेलं असेल तरच ‘या वर्षी काहीतरी बिघडलंय’ असं ठामपणे म्हणता येतं. ही नोंद नसेल, तर दहा पक्षी मेले काय आणि शंभर मेले काय, त्याचा अर्थ लावता येत नाही.

पहिली पायरी : शून्य ते पाचशे रुपये

* वही आणि पेन्सिल : ५० रुपये. पेन्सिलच घ्या, ओल्या हवेत पेनाची शाई पसरते.
* ई-बर्ड आणि मर्लिन ही मोबाइल ॲप : मोफत. ई-बर्डवर पक्ष्यांची यादी, संख्या, वेळ आणि जागा एकत्र नोंदली जाते. मर्लिन पक्षी ओळखायला मदत करतं.
* आशियाई पाणपक्षी गणना : मोफत. भारतीय उपखंडात १९८७पासून दर जानेवारीत ही गणना होते. बीएनएचएस आणि वेटलँड्स इंटरनॅशनल तिचं संयोजन करतात. नवशिक्याने अनुभवी गटाबरोबर जावं. एका सकाळीत जितकं शिकायला मिळतं तितकं पुस्तकातून मिळत नाही.
* सोबत ठेवायचं सामान : साबणाची वडी किंवा सॅनिटायझर, दोन एन-९५ मास्क आणि घरगुती ब्लीचची छोटी बाटली. सगळं मिळून २०० ते ३०० रुपये.

एवढ्यावर काम सुरू होतं. काठाजवळचे पक्षी, म्हणजे शेकाट्या, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, गायबगळे, नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात.

दुसरी पायरी : दुर्बीण आणि पुस्तक

बदकं पाण्याच्या मधोमध बसतात, त्यामुळे पुढे दुर्बीण लागतेच. खरेदीत हमखास फसगत होते ती इथे.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. ८ म्हणजे मोठं दिसण्याचं प्रमाण, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. पाणवठ्यासाठी ८×४० किंवा ८×४२ उत्तम. १०× घेतली तर चित्र मोठं दिसतं, पण हात हलला की तेही हलतं आणि मोजताना डोळे शिणतात.

* सुरुवातीची बऱ्यापैकी ८×४० दुर्बीण : साधारण ४ ते ७ हजार रुपये.
* पाणी आत न जाणारी, आत बुरशी न धरणारी ८×४२ : साधारण १० ते १५ हजार रुपये. पुण्यातल्या पावसाळी दमटपणात हे जास्तीचे पैसे वसूल होतात.
* चौकात किंवा ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारी ‘शंभर पट’ दुर्बीण : घेऊ नका. तो आकडा खरा नसतो आणि धूसर चित्राने डोकं दुखतं.

दुकानात दुर्बीण हातात घेऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचून पाहा. कडेची अक्षरं मधल्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजेत. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा.

पुस्तकांसाठी ५०० ते १,२०० रुपये पुरे. मराठीत किरण पुरंदरे यांची पुस्तकं नवख्या वाचकाला हाताला धरून नेतात. इंग्रजी चालत असेल तर सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आजही उपयोगाचं आहे.

तिसरी पायरी : गटाने घ्यायच्या वस्तू

लांबच्या थव्यासाठी तिपाईवरची दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, कामाला येते. कामचलाऊ स्कोप आणि तिपाई मिळून १५ ते ३० हजार रुपये लागतात. एकट्याने घेण्यात अर्थ नाही. सोसायटीतले पाच-सहा जण, महाविद्यालयाचं निसर्ग मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ यांनी वर्गणी काढली, तर माणशी साधारण अडीच ते सहा हजार पडतात. वस्तू कुणाच्या घरी राहणार, बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, हे आधीच कागदावर लिहून ठेवा.

जाण्यायेण्याचा खर्च

*पाषाण तलाव* : रामनदीवरचा हा तलाव शहरातच आहे. पीएमपीएमएल बसच्या जून २०२५पासूनच्या दरांनुसार पहिल्या ५ किलोमीटरला १० आणि १० किलोमीटरपर्यंत २० रुपये तिकीट आहे, म्हणजे जाऊन-येऊन ४० रुपयांत काम होतं. जलपर्णी पसरलेली असेल तर तेही वहीत लिहा. मोकळं पाणी कमी झालं की बदकंही कमी होतात.

*कवडीपाट* : हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यालगत मुळा-मुठेचा काठ. दुचाकीने गेलात तर मध्य पुण्यातून जाऊन-येऊन साधारण एक लिटर पेट्रोल, म्हणजे शंभरएक रुपये. चक्रवाक, शराटी, धोबी, शेकाट्या इथे चांगले दिसतात. नदीचं पाणी सांडपाण्याने भरलेलं असतं, त्यामुळे बूट घालूनच उतरा आणि पाण्यात पाय घालू नका.

*भिगवण, कुंभारगाव, डिकसळ* : उजनीचा फुगवटा, पुण्यापासून शंभरएक किलोमीटर. रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब, नदीसुरय पाहायला इथे लोक लांबून येतात. चौघांनी मोटारीने जायचं तर पेट्रोलला सुमारे १,४०० रुपये, टोल वेगळा. बोटीला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. भाडं फेरीचं की तासाचं, हे बसण्याआधी विचारा. माणशी ७०० ते ८०० रुपयांत सकाळ होते. रेल्वेने भिगवण स्टेशनपर्यंत अनारक्षित तिकीट शंभराच्या आत मिळतं. नावाड्याला थव्याजवळ बोट घालायला सांगू नका. उडालेला थवा मोजता येत नाही आणि दमलेल्या पक्ष्यांची उगाच शक्ती जाते. मेलेले पक्षी सर्वांत आधी नावाड्याला दिसतात, म्हणून त्याच्याशी ओळख ठेवा. बोटीच्या भाड्याइतकीच ही ओळख मोलाची आहे.

दर पंधरा दिवसांनी एकच जागा, शक्यतो एकाच वेळी, एकाच कोपऱ्यावरून मोजा. वर्षाला दहा वेगळी तळी पाहण्यापेक्षा एकाच तळ्याच्या दहा नोंदी देखरेखीसाठी कितीतरी उपयोगाच्या. ‘मृत किंवा आजारी पक्षी : नाही’ हेही प्रत्येक वेळी लिहा. गळ्यात रंगीत पट्टा किंवा पायात कडं असलेला पक्षी दिसला, तर आकडा वाचता येईल असा फोटो काढून बीएनएचएसला कळवा. त्यालाही पैसे लागत नाहीत.

इथे पैसे घालवू नका

* घरी तपासणीचे किट : ऑनलाइन काही जलद चाचण्या दिसतात. रानपक्ष्याचा नमुना घेण्याची परवानगी तुम्हाला नाही आणि अशा चाचणीच्या निकालावर यंत्रणा निर्णय घेत नाही.
* ड्रोन : परवानगीची कटकट आहे आणि थवे घाबरून उठतात.
* संपूर्ण पीपीई किट : लांबून पाहणाऱ्याला गरज नाही. ती गरज नमुने घेणाऱ्यांना आणि कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकांना असते.
* पाव, शेव, फरसाण : बदकांना किंवा कुरवांना खाऊ घालू नका. खाण्यासाठी पक्षी एका जागी दाटीने जमतात आणि संसर्गाला हेच हवं असतं.

मेलेला पक्षी दिसला तर

माझा नियम साधा आहे : एकाच जागी दोन-तीन किंवा अधिक पक्षी मेलेले दिसले, किंवा एकटंच बदक, हंस, शिकारी पक्षी वा कावळा कारणाशिवाय मरून पडलेला दिसला, तर त्याच तासात फोन करा. कावळ्याकडे दुर्लक्ष करू नका. मेलेल्या पक्ष्यांचं मांस तो खातो, म्हणून रोग आधी त्याच्यात दिसू शकतो. उदगीरला तेच झालं.

१. लांब उभे राहा. मुलांना आणि कुत्र्यांना आवरा.
२. झूम करून फोटो काढा. पक्षी कोणता, किती, वेळ आणि मोबाइलवरचं नेमकं ठिकाण नोंदवा.
३. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १८००-२३३-०४१८ किंवा १९६२ लावा. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. फोन लागला नाही तर जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.
४. कुणाशी, किती वाजता बोललात, ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाठपुरावा करताना हीच नोंद कामाला येते.
५. पक्षी पुरू नका, जाळू नका, नदीत ढकलू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. उन्हात कुजलेल्या पक्ष्यावरून निदान करणं अवघड होतं, म्हणून पथक लवकर पोहोचणं महत्त्वाचं.
६. घरी आल्यावर हात साबणाने धुवा. बुटांचे तळ साबणाने घासून ब्लीचच्या पाण्याने पुसा : एक भाग घरगुती ब्लीच, चार भाग पाणी. मग बूट उन्हात वाळवा.

पक्षी जिवंत असेल, पण मान वाकडी झाली असेल, गोल गोल फिरत असेल किंवा उडता येत नसेल, तरी उचलून घरी आणू नका. तेव्हाही १९२६च.

आणि कृपा करून ‘बर्ड फ्लू आला’ असा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. राजस्थानातल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९मध्ये १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. पहिला संशय बर्ड फ्लूचाच होता. भोपाळची चाचणी नकारार्थी आली आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण शोधलं : बोट्युलिझम, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांत वाढणाऱ्या जिवाणूचं विष. तिथे मेलेले पक्षी तातडीने उचलणं हाच उपाय होता. निदान चुकलं की उपायही चुकतो. तुम्ही फक्त जे दिसलं तेवढंच सांगा.

अंगणात कोंबड्या-बदकं असतील तर

तळ्याकाठच्या वाड्यावस्त्यांवर हा धोका खरा आहे. पाळीव बदकं तलावात सोडू नका. पाण्याचं भांडं झाकलेल्या जागी ठेवा. जाळी आणि छप्पर यांचा खर्च छोट्या खुराड्याला दोन-तीन हजारांत बसतो. तलावावर वापरलेली चप्पल खुराड्यात नको, वेगळा जोड ठेवा.

संशयास्पद मरतुकीची खबर देणं २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने पशुपालकावर बंधनकारक आहे. त्यात पशुपालकाचं हितही आहे. उद्रेक ठरला की साधारण एक किलोमीटर परिघातले कुक्कुट पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी राहते. २०२१च्या उद्रेकात महाराष्ट्रात भरपाईचे दर असे होते : आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल कोंबडीला ७०, सहा आठवड्यांवरील बदकाला १३५, अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये. चालू दर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून विचारून घ्या. ही भरपाई रोग रोखण्यासाठी नष्ट केलेल्या पक्ष्यांची असते. खबर दडवून ठेवली आणि पक्षी आधीच मेले, तर हातात काही येत नाही.

चिकन-अंडी सोडण्याची गरज नाही. नीट शिजवलेल्या अन्नात, म्हणजे आतपर्यंत ७० अंशांहून जास्त तापमान पोहोचलेल्या अन्नात, हा विषाणू टिकत नाही. कच्चं मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट धुवा.

स्वतःची तब्येत

माणसाला हा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तो गंभीर होऊ शकतो. भारतात एच५एन१ने माणसाचा पहिला मृत्यू जुलै २०२१मध्ये नोंदला गेला. दिल्लीच्या एम्समध्ये ११ वर्षांचा मुलगा दगावला. एच९एन२ची देशातली पहिली मानवी नोंद मेळघाटातल्या एका लहान बाळाची, २०१९मधली. ते बाळ बरं झालं.

चुकून आजारी पक्ष्याशी संपर्क आलाच, तर दहा दिवस ताप, खोकला, डोळे लाल होणं यांवर लक्ष ठेवा. लक्षण दिसलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात पक्ष्याबद्दल सांगा. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, पण ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुणे महापालिकेचं डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालय अशाच आजारांसाठी आहे.

एका वर्षाचा हिशेब

ऑक्टोबर ते मार्च, पंधरवड्याला एक फेरी, म्हणजे बारा सकाळी. पाषाणला बसने : ४८० रुपये. वही, साबण, मास्क, ब्लीच : ३५० रुपये. भिगवणची एक सहल चौघांत : ८०० रुपये. बारा हजारांची दुर्बीण दहा वर्षं टिकली, तर वर्षाला १,२००. एकूण २,८३० रुपये. दुर्बीण नसेल तर दीड-दोन हजार. भिगवणही वगळलं, तर हजाराच्या आत.

एवढ्या पैशांत पुण्याला मिळू शकते ती प्रत्येक तळ्याची, प्रत्येक नदीकाठाची स्वतःची नोंदवही. प्रयोगशाळा औंधला आहे, विषाणूतज्ज्ञ पुण्यात आहेत. त्यांना हवी आहे ती वेळेवर पोहोचणारी खबर, आणि ती तळ्यावर नेहमी जाणाऱ्या माणसाकडूनच येऊ शकते. म्हणून आजच घराजवळचा एक पाणवठा निवडा, वरचे तीन क्रमांक मोबाइलमध्ये साठवा आणि येत्या रविवारी पहिली मोजणी करा.